मॅडमच्या डिकीतली पेटी

१

डिकी उघडी होती, आणि तिच्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं.

मरियम मॅडम एक हात डिकीच्या झाकणावर ठेवून नुसत्या बघत होत्या. ओरडल्या नाहीत, काही नाही. त्यांनी विभावरीला हातानेच जवळ बोलावलं आणि इतक्या हळू विचारलं की तिला आधी ऐकूच आलं नाही.

"माझी तुफग कुठे आहे?"

तुफग म्हणजे बंदूक. इथल्या अमिराती लोकांचा हा रोजचा शब्द. इतकी वर्षं दुबईत काढून विभावरीला जे मोजके अरबी शब्द कळायचे त्यांत हा एक, तोही मॅडमच्या कृपेने. मॅडमना नेमबाजीचा भारी नाद. दर गुरुवारी ऑफिस सुटलं की थेट शूटिंग क्लब. बंदूक त्यांच्या नावावर, परवाना चोख, कागद न् कागद जागच्या जागी. पण सकाळी घरून निघताना ती डिकीत टाकायची आणि दिवसभर अल क्वोजच्या कंपनीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली गाडीतच राहू द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. परवाना आहे म्हणून काय झालं, अक्कल नको का माणसाला? असं विभावरीला दर गुरुवारी वाटायचं आणि दर गुरुवारी ती गप्प बसायची. मॅडम मालकीणबाई आणि ती ॲडमिन मॅनेजर, सांगणार कोण?

डिकीत बाकी सगळं होतं. आवाज अडवायचे हेडफोन, नमाजाची चटई, पाण्याच्या बाटल्या, तुर्की लेबलाचं एक गच्च भरलेलं पोतं. लांबुळकी लाकडी पेटी तेवढी गायब.

"लॉक फोडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "चावीने उघडलीय. चावी तुझ्याकडे होती."

चावी विभावरीच्या केबिनमधल्या बोर्डावर टांगलेली होती हे खरं. आज कंटेनर यायचा होता, गाडी हलवावी लागणार म्हणून मॅडमनीच ती दिली होती.

"कोणी घेतली होती?"

आणि विचार करायच्या आत तिच्या तोंडून नाव निघून गेलं. "शाहबाजने."

मॅडमनी मान वर केली. "तो पेशावरचा ना?"

विभावरी हो म्हणाली. त्या एका 'हो'चा अर्थ काय होतो, हे तिला दोन पावलं चालल्यावर कळलं. मॅडमच्या हातात फोन होता.

२

फोन लागण्याआधी अस्मिता आली हे नशीब. अस्मिता म्हणजे कंपनीची कायद्याची बाजू सांभाळणारी मुलगी. मुलगी म्हणायचं ते विभावरीच्या हिशेबाने. शारजात अल मजाजला एकाच टॉवरमध्ये दोघींची घरं, पोरगी तिच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली. जन्म इथला, शाळा इथली, अरबी शाळेतच सक्तीने शिकलेली. मराठी बोलायची, पण दर दुसऱ्या शब्दाला इंग्रजीच्या काठीचा आधार घेत.

"मॅडम, गिव्ह मी सम टाइम," ती म्हणाली. "गेटच्या कॅमेऱ्यात सकाळपासून कोणी लांब वस्तू बाहेर नेलेली नाही. म्हणजे ती आतच आहे."

मॅडमनी घड्याळाकडे नाही, आभाळाकडे पाहिलं. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची अजान होईपर्यंत थांबते, म्हणाल्या. अजान झाली की पोलिसांना फोन, आणि चावी कोणी घेतली होती ते नाव सांगणं त्यांना भाग आहे. परवाना त्यांचा, जबाबदारीही त्यांची. मग त्यांनी एक अट घातली. आवारात शंभर माणसं, त्यात दिवाळीची गर्दी. बंदूक हरवलीय म्हटलं तर पळापळ होईल आणि जो कोणी घेऊन बसलाय तो बिथरेल. तेव्हा तो शब्द कोणीही, कुठल्याही भाषेत तोंडातून काढायचा नाही. विचारायचं तर मॅडमची बॅग विचारायची.

"काळी बॅग," अस्मिता म्हणाली. "ओके."

विभावरीच्या केबिनमध्ये बसायचं ठरलं. तिथे जाताना तिच्या डोळ्यांपुढे शाहबाजच होता. कंपनीची व्हॅन चालवणारा, शारजाहून सगळ्या स्टाफला आणणारा-नेणारा. तिच्या मुलाला, वरदला, मध्यरात्री ताप चढला होता तेव्हा व्हॅन घेऊन धावत आला होता, आणि पुढे त्याचा साधा उल्लेखही केला नव्हता त्याने. बंदुकीच्या प्रकरणात परक्या ड्रायव्हरचं नाव एकदा पोलिसांपुढे गेलं की नंतर सुटला तरी नोकरी, व्हिसा, सगळं खलास. आणि ते नाव तिने दिलं होतं. पेशावर म्हणताना मॅडमचे डोळे कसे बारीक झाले तेही तिने पाहिलं होतं, आणि तरी तोंड मिटून राहिली होती.

सकाळचं आठव म्हणून अस्मिता मागे लागली. आठवायचं काय, कपाळ? कंपनी भेटवस्तूंचे खोके भरणारी. सुकामेवा, मिठाई, पणत्या. दिवाळीच्या तोंडावर फोन नुसता कोकलत होता. व्हॉइस नोट ऐकायला सवड कुणाला? ज्याचं काम त्याला फॉरवर्ड करून मोकळं व्हायचं, ही विभावरीची रीत, आणि तिला तिचं कौतुकही होतं. बँकवाल्याशी हुज्जत चालली असताना स्टोअरचा मधू दारातून डोकावला, घेऊ ना म्हणाला, तिने मान हलवली. मग शाहबाज चावी घेऊन गेला, गाडी हलवून चावी परत टांगून गेला. बस्स, एवढंच.

"आणि आज वेदांग हिशेब घ्यायला येणारेय ना, काकू?" अस्मिताने विचारलं.

विभावरी चपापली. सेल्सच्या वेदांगला गेल्याच आठवड्यात काढला होता. जाताना त्याने मॅडमच्या दारात उभं राहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, बघून घेईन. तिने काचेतून बाहेर पाहिलं. वेदांग रिसेप्शनच्या सोफ्यावर बसला होता, मांडीवर हात, नजर मॅडमच्या दारावर.

३

आधी त्यालाच आत घेतलं. विभावरीची नजर त्याच्या हातांवर होती. याच्या गाडीत असली तर? उठून मॅडमच्या केबिनकडे निघाला तर त्याला अडवणार कोण, ती?

वेदांग मात्र विझून गेलेला होता. सकाळी लवकरच आलोय म्हणाला. आत यायचा धीर होईना, म्हणून शेडसमोर गाडी लावून आतच बसून राहिला. मुलीची शाळा अर्ध्यातून सोडवायची, घर आवरायचं, पुण्याला जाऊन आईला काय सांगायचं, असलं सगळं डोक्यात. बोलताना त्याचा आवाज चिरकला आणि विभावरीला त्याच्याबद्दल आणलेल्या शंकेची लाज वाटली.

"मॅडमच्या गाडीजवळ कोण गेलं? काळी बॅग घेऊन कोणी?" अस्मिताने विचारलं.

बॅग त्याने पाहिली नव्हती. शाहबाजने गाडी हलवली, चाकांवर एक नजर टाकली आणि गेला, रिकाम्या हाताने. त्याच्याआधी कंपनीचा निळा शर्ट घातलेला कोणीतरी खोकं खांद्यावर टाकून गोडाऊनकडे गेला. चेहरा? नाही पाहिला.

"इथे दिवसभर माणसं खोकीच उचलतात, विभाताई," तो म्हणाला. "बघायचं काय त्यात?"

शाहबाज आला तो दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही. गाडी हलवली, म्हणाला. डिकीला हात लावला नाही. बॅग पाहिली नाही. विभावरी त्याच्याकडे बघायचं टाळत होती आणि तोही तिच्याकडे बघत नव्हता, हे तिला जरा उशिरा लक्षात आलं.

"शाहबाजभाई, शेडमधून कोणाला जाताना पाहिलंत?" अस्मिताने हिंदीत विचारलं. "कोणालाही. आपल्यापैकी असला तरी सांगा."

हातातली टोपी त्याने एकदा उलटी केली, एकदा सुलटी.

"नाम नहीं लूँगा किसी का," तो म्हणाला. "मुझे जो पूछना है, मेरे बारे में पूछो."

तो गेल्यावर अस्मिता हळूच म्हणाली, "काकू, ही सॉ समवन. आणि स्वतः अडकतोय तरी बोलत नाहीये."

विभावरीला वाटलं, साथीदाराला वाचवतोय. म्हणजे आपण नाव घेतलं ते बरोबरच होतं का? तसं असतं तर किती बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराने ती स्वतःच दचकली. बाहेर ऊन कलत होतं.

४

निळा शर्ट म्हणजे गोडाऊनची माणसं. अस्मिताने एकेकाला बोलावलं, तेच दोन प्रश्न विचारले, एकेकाला परत पाठवलं. शेवटी मधू आला, स्टोअरकीपर. कोल्हापूरकडचा, वर्षही झालं नव्हतं येऊन. केस पांढरे, पाठ ताठ, बूट चकचकीत. गावाकडे सहकारी बँकेत पहारेकरी होता. दारात उभं राहायची त्याची पद्धत अजून तीच होती.

"मधूभाऊ, मॅडमच्या गाडीपाशी परका माणूस दिसला का कोणी?"

"न्हाई बा. परकं कोण येतंय हितं?"

"आणि काळी बॅग? मॅडमची?"

"बॅग न्हाई बघितली." त्याने जरा विचार केला. "बॅग कसलीच नव्हती."

अस्मिताने जा म्हटलं. तो दारापर्यंत गेला आणि वळून विभावरीला म्हणाला, दुआ मॅडमचं काम सकाळीच केलंय, तेवढं त्यांना सांगा, म्हणजे काळजी नको. विभावरीने हो हो म्हणून त्याला वाटेला लावलं. कोणाचं काय आणि याचं काय!

तो जिना उतरतो न उतरतो तोच दुआ तणतणत आत शिरली. दुआ पॅकिंगची डिझायनर, सीरियातली, लताकियाच्या डोंगरातली. हिंदी, अरबी, इंग्रजी, सगळं एका वाक्यात कोंबून बोलायची. उद्याच्या सगळ्या खोक्यांत घालायचे हेझलनट अजून आलेले नाहीत, म्हणाली. कोल्ड रूममध्ये दोनदा बघून आले, पोतं नाही. सकाळीच तर निरोप दिला होता. या कंपनीत कोणी कोणाचं ऐकतं की नाही?

"दुआ, आत्ता हेझलनटचं नको गं," विभावरी म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागलेला आणि हिला मेवा सुचत होता.

पण अस्मिता खुर्चीतून उठली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला होता.

"काकू, एक मिनिट. मधूभाऊ म्हणतात दुआचं काम केलं. दुआ म्हणते झालंच नाही." ती दुआकडे वळली. "हेझलनट कुठे होते?"

"मॅडमच्या गाडीत. तुर्कीहून आलेलं पोतं. मॅडमनीच सांगितलं, काढून घे."

ते पोतं अजून डिकीतच होतं. विभावरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"निरोपात तू हेझलनट म्हणालीस?" अस्मिताने विचारलं. "हाच शब्द?"

"नाही," दुआ म्हणाली. "व्हॉइस नोट होती. बोलता बोलता अरबी नाव आलं तोंडात." आणि तिच्या डोंगरातले लोक बोलतात तसा शेवटचा क घशातून ठासून तिने ते नाव उच्चारलं.

"बुंदुक."

५

विभावरीच्या कानात तो शब्द घुमत राहिला आणि हळूहळू तिला त्याचा मराठी चेहरा दिसायला लागला.

"अरबीत बुंदुक म्हणजे हेझलनट," अस्मिता म्हणाली. "शाळेत शिकलोय आम्ही. आणि मॅडम गनला कायम तुफग म्हणतात, म्हणून मला हा शब्द क्लिकच झाला नाही. पण दुआची नोट मराठी माणसाने ऐकली तर? ही विल हिअर बंदूक. आणि बंदूक खरंच तिथे होती, पेटीत. आपण सगळ्यांना बॅग विचारत बसलो. परका माणूस विचारत बसलो. मधूभाऊ खरं तेच बोलले, काकू. परका नव्हता आणि बॅगही नव्हती." ती थांबली. "दुआ, ती नोट तू मधूभाऊंना पाठवलीस?"

दुआने नकारार्थी मान हलवली आणि बोट विभावरीकडे केलं.

विभावरीने फोन उघडला. सकाळची नोट तिथेच होती. ऐकलेली नाही हे सांगणारी ती हिरवी खूण अजून तशीच, आणि त्याखाली तिने मधूला पाठवलेली तीच नोट, सोबत तिचे शब्द: बघ काय म्हणतेय, करून टाक. तिने पहिल्यांदाच ती नोट लावली.

"विभा, हबीबती, मॅडम का सयारा में बुंदुक है. मधू को बोलो निकाल के कोल्ड रूम में रखे. गाडी में गरम होके खराब होता है. और कोई हाथ नहीं लगाना, कल का ऑर्डर है. यल्ला."

विभावरीने तोंडावर हात दाबून धरला. आपण चोर शोधत होतो, आणि हुकूम आपल्याच फोनवरून सुटला होता. चावी घेऊ ना असं तो दारात विचारत होता आणि आपण मान हलवली होती.

कोल्ड रूमपाशी मधूने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. मॅडम पुढे, मागे त्या तिघी. सगळ्यात मागच्या मांडणीच्या आड, पुठ्ठ्यांनी नीट झाकून, लाकडी पेटी भिंतीला लावून उभी होती. कोणाचा हात लागू नये म्हणून पुढे खजुराचे खोके रचलेले. मॅडमनी कडी उघडली. बंदूक आत होती, जशीच्या तशी.

"रिकामी हाय, बघितलं मी," मधू म्हणाला. "उन्हात गाडीत ठेवू ने हत्यार. बँकेत आमी दिवसा बी कोठीतच ठेवायचो. ऑर्डर आली, बरं वाटलं, म्हटलं कुणीतरी शानपन केलं." मग सगळ्यांचे चेहरे बघून त्याचा आवाज खाली आला. "काय चुकलं का माझं, मॅडम?"

अस्मिताने ते मॅडमना अरबीत सांगितलं. मॅडम एका खजुराच्या खोक्यावर बसल्या, पेटी मांडीवर घेऊन. बाहेर अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत सगळे तिथेच, त्या थंडीत उभे होते.

"परवाना माझा होता," शेवटी त्या म्हणाल्या. "अक्कलही माझीच हवी होती." आणि आजपासून ही पेटी क्लबच्या तिजोरीत राहील, कधीही गाडीत दिसणार नाही, असं म्हणून त्यांनी मधूच्या खांद्यावर थोपटलं. शाहबाजचं नाव त्यांनी घेतलं नाही. विभावरीचंही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

६

संध्याकाळी व्हॅन शारजाकडे निघाली. एकेक जण उतरत गेला. अस्मिता मैत्रिणीकडे थांबणार होती, त्यामुळे अल मजाजपर्यंत विभावरी एकटीच उरली. खालिद लगूनच्या पाण्यावर दिवे लागले होते. आज ती मागच्या सीटवरून उठून पुढे येऊन बसली.

बोलायचं काय ते तिने कितीदा मनात जुळवलं होतं. आयत्या वेळी त्यातलं काहीच कामी आलं नाही.

"शाहबाज, दोपहर में मॅडमने पूछा था," ती म्हणाली. "तब मैंने..."

"मालूम है, बाजी." त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "मैं वहीं था, दूसरी गाडी के पीछे. सुना मैंने."

म्हणजे तेव्हापासून त्याला ठाऊक होतं. दारात उभा राहिला तेव्हाही, बस म्हटल्यावर बसला नाही तेव्हाही.

"मग... तो फिर तुमने किसको देखा था?"

सिग्नल लागला, व्हॅन थांबली.

"मधू को. लकडी की पेटी कंधे पर थी. हमारे गाँव में बच्चा भी पहचानता है ऐसी पेटी." त्याने गिअर सोडला. "लेकिन मैंने सिर्फ उठाते हुए देखा था, चोरी करते नहीं देखा. नाम ले लेता तो वो जाता, बाजी. बुड्ढा आदमी है."

तिने काहीच पाहिलं नव्हतं आणि नाव घेतलं होतं. याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि जीभ दाताखाली धरून बसला होता. माफी मागायची तर कुठल्या भाषेत मागायची? मराठी त्याला कळत नव्हती आणि हिंदीत माफ करो म्हणणं तर भिकाऱ्याला वाटेला लावल्यासारखं वाटलं तिला.

सिग्नल सुटला. टॉवरपाशी व्हॅन थांबली तरी ती उतरली नाही. शाहबाजने तिच्या बाजूचं दार आतूनच उघडून दिलं, रोज मागचं उघडून देतो तसं.

"वरद का इम्तिहान कैसा हुआ?" त्याने विचारलं.

चांगला झाला, असं ती म्हणाली, आणि तिथेच, उघड्या दारात बसून रडायला लागली. शाहबाजने इंजिन बंद केलं. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, त्याने त्या गाडीला हात दाखवून पुढून जायला सांगितलं आणि तो थांबून राहिला.